बाबांच्या पानावरचा बोंबील

"चोगलेजी, जरा जल्दी घर आइए. मेरे आंगन में मछली गिरी है."

ऑफिसच्या फोनवर आमच्या सोसायटीतल्या भसीनसाहेबांचा आवाज असा थरथरत होता की कुणी बॉम्ब टाकलाय असं वाटावं. मी विचारलं, "मछली? कैसी मछली?"

"सूखी मछली! आसमान से! आज पिताजी का श्राद्ध है, पंडितजी खाना खा रहे थे. थाली से एक हाथ दूर गिरी. पंडितजी उठकर चले गए, चोगलेजी. मेरे पिताजी भूखे रह गए."

"अभी आता हूं," म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी माझ्याही बाबांचा म्हाळ होता. भसीनसाहेबांच्या अंगणात आकाशातून पडलेला मासा कुठल्या तव्यावरून निघाला असेल, हे माझ्याइतकं पक्कं दिल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली.

आम्ही हर्णैचे कोळी. आमच्या घरात म्हाळाच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात. मग ते काहीही असो. माझ्या बाबांना बोंबलाशिवाय घास उतरत नसे. म्हणून त्यांच्या पानावर भात, वडा, खीर यांच्या जोडीला एक भाजलेला सुका बोंबील असायचाच. गावात यात कुणाला नवल वाटत नाही. पण दिल्लीत पितृपक्ष लागला की कांदा-लसूणसुद्धा घराबाहेर जातो. आणि मी तर तिथं शाकाहारी होतो.

म्हणजे तसं सांगून ठेवलं होतं. त्याच्या नऊ वर्षं आधी सद्भाव विहारात फ्लॅट घेताना कमिटीनं विचारलं होतं, "वेज हैं न?" मी म्हटलं होतं, "जी, बिलकुल." तेव्हा एका शब्दानं काम झालं. मग तो शब्द नऊ वर्षं सांभाळावा लागला. रविवारी आम्ही नवरा-बायको बंगाली लोकांच्या वस्तीत जाऊन मासे खायचो आणि बडीशेप चघळत परत यायचो. घरी तुळस होती, गणपती होता, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. साठ घरं. पंजाबी, बंगाली, तमिळ, मल्याळी, सरदारजी, एक सिद्दिकीसाहेबांचं मुसलमान घर. दर दोन ऑक्टोबरला मी 'एकता दिवस' भरवायचो. पोरांना निरनिराळ्या राज्यांचे कपडे घालून स्टेजवर उभं करायचो आणि पाहुण्यांपुढे अभिमानानं म्हणायचो, आमची सोसायटी म्हणजे छोटा भारत आहे.

त्या वर्षी आई हर्णैहून ऑगस्टात आली होती, येताना बोचक्यात बोंबील घेऊन. मी म्हटलं, "आई, इथे नको."

"का? तुजा बा दिल्लीला आला की शाकारी व्हतो का?"

शेवटी म्हाळाच्या सकाळी मी हार मानली. "खिडक्या लावून घे आणि एकच भाज," एवढं सांगून ऑफिसला गेलो.

मी घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तोंडभर हसत होती.

"हरी, आला रं तुजा बा! गॅलरीत पान ठेवलं, हात मागं घ्यायच्या आत आला. भाताला शिवला नाय, वड्याला शिवला नाय. पयला बोंबीलच उचलला नि गेला!"

कावळा अख्खा बोंबील घेऊन उडाला होता. वाटेत दुसऱ्या कावळ्यांनी त्याला गाठलं असणार, आणि चोचीतला बोंबील चार मजले खाली भसीनसाहेबांच्या बापाच्या श्राद्धात पडला होता. एरवी ऐकली असती तर मी पोट धरून हसलो असतो अशी गोष्ट.

"तोंड का उतरलं तुजं?" आईनं विचारलं.

"काही नाही," म्हणून मी खाली गेलो.

अंगणात सात-आठ जण जमले होते. भसीनसाहेब अध्यक्ष, वय पासष्टच्या पुढचं, सोवळ्याचं धोतर नेसलेले. फाळणीत वडील गमावलेला माणूस. तिथी माहीत नाही म्हणून वडिलांच्या एका मित्राच्या सांगण्यावरून धरलेला दिवस तो. हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वर्तमानपत्रावर बोंबील ठेवला होता. शेपटी थोडी करपलेली. आईच्या हातचा.

"हम किसी का नाम नहीं ले रहे," भसीनसाहेब म्हणाले. "पर आप ही बताइए, इस बिल्डिंग में ये चीज कौन खाता है?"

सगळ्यांनी माना वर केल्या. चौथ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन गॅलऱ्या होत्या. एकीत माझी तुळस. दुसरीत दोरीला लाल मिरच्या आणि बांबूचे कोंब वाळत घातलेले. ती आसेनलाची गॅलरी.

आसेनला नागालँडची. एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. आमच्या शेजारच्याच, समोरासमोर दार असलेल्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायची. फ्लॅटचा मालक दुबईला, सोसायटी सांगेल त्याला हो म्हणणारा. तिच्यासोबत तिची आई होती, घशाच्या कॅन्सरची. भाडेकरूची नोंद करताना मला इस्पितळाचं कार्ड दाखवून आसेनला म्हणाली होती, "सर, तीस बार मशीन के नीचे लेटना है. डॉक्टर ने कहा है, बीच में रुकना नहीं." नर्सांच्या वसतिगृहात आईला ठेवू देत नव्हते. आमच्याकडे यायच्या आधी आठ ठिकाणी तिला नकार मिळाला होता. नोंदवहीवर सही केली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मशीनचा नंबर सप्टेंबरात लागला, आणि म्हाळाच्या त्या शुक्रवारपर्यंत तीसपैकी अकरा वेळा झाल्या होत्या.

"आप तो सामने रहते हैं," भसीनसाहेब मला म्हणाले. "नोटिस भी आप ही ने लिखा था."

खरं होतं. तिच्या बांबूच्या वासाची तक्रार जुलैत आली तेव्हा कुणाचं नाव न घेता मी फळ्यावर लावलं होतं, की पडोसियों की भावनाओं का ध्यान रखें, तीव्र गंध वाले पदार्थ न पकाएं. खाली माझी सही. भाषा सभ्य आहे म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

"पूछता हूं," मी म्हटलं.

आणि खरंच वर जाऊन तिला विचारलं. काय म्हणावं माझ्या हिमतीला! तिच्या दारात उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"हमने कुछ नहीं बनाया, सर," ती म्हणाली. "मां दो दिन से सिर्फ दलिया पी रही है. निगल नहीं सकती." मग म्हणाली, "सर, घर तो नहीं छोडना पडेगा न?"

"देखते हैं," मी म्हणालो.

रात्री जेवताना मी वैजूला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"मग सांगून टाका की. आपलं स्वतःचं घर आहे, आपल्याला कोण काढणार? बोलतील चार दिवस."

"नऊ वर्षं खोटं बोललो, हे बाहेर येईल."

"येऊ दे. त्या बाईचे उपचार थांबले तर?"

"थांबणार नाहीत. भसीन रागात आहे. उतरेल राग."

मी असं म्हणालो ते मला खरंच वाटत होतं की नाही, हे आजही सांगता येत नाही. आमची नाचक्की एका बाजूला आणि एका बाईचा जीव दुसऱ्या बाजूला होता. एवढा सोपा हिशेब मला कळत नव्हता असं नाही.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. पण तिचं आणि समोरच्या घराचं भारी सूत होतं. दुपारी दोन्ही म्हाताऱ्या जिन्याजवळच्या उन्हात बसायच्या, लसूण सोलायच्या. एक नऊवारीतली, एक लुंगीसारख्या रंगीत वस्त्रातली. आई म्हणायची, "त्यांच्यात बी सुकं खातात. आनि ती आसेना, तिला माजं सगलं कलतं." मी हसायचो. दोघी हातवारे करून बोलत असतील असं धरून चाललो होतो.

शनिवारी दोन ऑक्टोबर. आसेनलाला गाणं म्हणायला मीच महिन्यापूर्वी विनंती केली होती. सकाळी तिनं दार वाजवून विचारलं, "सर, मैं आऊं कि नहीं?"

"जरूर आइए. दोनों बातें अलग हैं."

ती आली. लाल-काळी शाल पांघरून तिनं त्यांच्याकडचं पेरणीचं गाणं म्हटलं. आवाज थोडा कापत होता, पण छान होता. टाळ्या पडल्या. भसीनसाहेबांनीही वाजवल्या. मी माइकवरून म्हणालो, यही हमारे देश की सुंदरता है. भेट म्हणून सोसायटीकडून तिला स्टीलचा मोठा डबा दिला, सगळ्यांना देत होतो तसाच.

रविवारी दहाला त्याच हॉलमध्ये मीटिंग. पताका अजून काढायच्या होत्या. पंधरा-वीस माणसं, बायका मागे. आसेनला दाराजवळच्या खुर्चीत एकटी बसली होती.

भसीनसाहेब सभ्यपणे बोलले, हे कबूल केलं पाहिजे. कुणाच्या धर्माबद्दल, जातीबद्दल एक शब्द नाही. "हर किसी को अपना खाना खाने का हक है," ते म्हणाले. "पर मिलजुलकर रहने के भी कुछ कायदे होते हैं. बेटी, बुरा मत मानना. तुम्हारे लिए भी अच्छा होगा कि अपने लोगों के बीच रहो."

"मैंने कुछ नहीं बनाया था," आसेनला म्हणाली. "मैंने सर को बताया है."

सिद्दिकीसाहेब कोपऱ्यात बसले होते. निवृत्त मास्तर. मीटिंगला यायचे, पण क्वचितच बोलायचे. त्या दिवशी बोलले.

"सेक्रेटरी साहब बराबर में रहते हैं. उन्हीं से पूछ लीजिए, महक किधर से आई थी."

ते माझ्याकडे बघत होते. मला उठून उभं राहायला त्यांनी दार उघडून दिलं होतं. आजही वाटतं, त्यांना काहीतरी अंदाज होता.

"मैं तो ऑफिस में था," मी म्हणालो.

ते फक्त "जी" म्हणाले.

एवढ्यात दारात आई दिसली. लिफ्ट बंद होती. चार मजले कठडा धरून उतरली होती. डोक्यावर पदर, कपाळाला घाम. आसेनलाच्या आईकडून की कुणाकडून तिला कळलं होतं, की एका माशावरून त्यांना घराबाहेर काढताहेत. वैजू मागे धावत आली होती, पण आई कुणाला आवरण्यातली नव्हती.

"हरी," ती म्हणाली, "मला बोलायचंय. मला ह्यांची भाषा येत नाय. मी बोलते तसं तू ह्यांना सांग."

"आई, तू वर जा."

"तू सांग म्हंते ना."

सगळे उठून उभे राहिले. वडीलधाऱ्यांचा मान दिल्लीकरांनाही कळतो. कुणीतरी खुर्ची दिली. आई बसली नाही.

"मी पारूबाय. हर्नीची. हा माजा पोर." ती सगळ्यांकडे बघत बोलत होती. "ते म्हावरं माजं व्हतं. माज्या घोवाच्या पानावर मी ठेवलं. कावल्यानं नेलं, तेला मी काय करनार? ह्या पोरीवर आल घेऊ नका. तिची आय आजारी हाय. बाहेर घालवायचं तर मला घालवा, मी गावाला जाते." आणि तिनं छातीवर हात मारला. एकदा नाही, तीनदा. "मी केलं. मी. मी."

मग माझ्याकडे वळली. "सांग."

सगळे माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला.

"माताजी कह रही हैं," मी म्हणालो, "कि ये लडकी मेरी बेटी जैसी है. इसकी मां बीमार है. आप सब बडे लोग हैं, इन पर दया कीजिए."

"पर अपनी छाती क्यों पीट रही हैं?" भसीनसाहेबांनी विचारलं.

"कह रही हैं," मी म्हणालो, "मैं भी मां हूं."

मागे बसलेल्या मिसेस भसीन आईकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. बायकांत चुकचुक झाली. कुणीतरी म्हणालं, "देखिए, क्या संस्कार हैं." आईनं मान डोलावली. आपलं म्हणणं पोचलं, असं तिला वाटलं. लोकांचे डोळे तिला दिसत होते ना.

मी आसेनलाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. राग नव्हता. एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचून झाल्यावर नर्स बघते तशी बघत होती. मग तिनं नजर खाली केली.

भसीनसाहेब पुढे आले, वाकले आणि आईच्या पायांना हात लावला. "माताजी की बात हम नहीं टालेंगे. आज ही खाली करने को कहना था, अब आठ दिन की मोहलत देते हैं."

"काय म्हनाला रं?" आईनं विचारलं.

"विचार करतो म्हणाले."

"तू नीट सांगितलंस ना?"

"सांगितलं, आई."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांसमोर. चाळिशीतल्या माणसाच्या पाठीवरून, लहान पोराच्या फिरवावा तसा.

ते आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत काढले. माझ्यामुळे मुदत तरी मिळाली, असं वैजूला म्हणालो. तिनं त्या आठवड्यात माझ्याशी फारसं बोलणंच ठेवलं नाही. मी आसेनलाला घर शोधून देण्यासाठी चार फोन केले. चौघांनीही तोच प्रश्न विचारला, फॅमिली कहां की है, आणि मग बघतो म्हणाले. रोज रात्री ठरवायचो, उद्या सकाळी भसीनकडे जायचं. सकाळी उठून दाढी करायचो आणि ऑफिसला जायचो.

आठव्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सामान ते किती! दोन ट्रंका, गॅस, गादी, मिरच्यांची माळ. स्टीलचा डबाही होता. तिच्या आईला दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. गळ्यावरची कातडी मशीनमुळे काळी पडली होती. माझ्या आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि कागदाची एक पुडी तिच्या ओच्यात घातली. उरलेले बोंबील. गिळता येत नसलेल्या बाईला! पण ती बाई पुडी नाकाशी नेऊन हसली. दोघी रडत नव्हत्या. मी बाजूला उभा होतो.

"मैं कुछ मदद करूं?" मी आसेनलाला विचारलं.

ती दोरी आवळत होती. मान वर न करता मराठीत म्हणाली, "आजींना काही सांगू नका."

मला आधी कळलंच नाही, की हे शब्द तिच्या तोंडून आलेत.

"तुला... मराठी येते?"

"मिरजेला चार वर्षं नर्सिंग केलं. आजींशी रोज मराठीतच बोलते. त्या बोलल्या नाहीत?"

बोलली होती. तिला माझं सगळं कळतं, असं शंभरदा बोलली होती.

"मग त्या दिवशी मीटिंगमध्ये तू का नाही..."

तिनं गाठ मारली, ओढून बघितली.

"आजी उभ्या होत्या ना," ती म्हणाली. "आईच्या तोंडावर तिच्या मुलाला खोटं कसं पाडायचं? आमच्यात तसं करत नाहीत." मग मान वर केली. "आणि मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं, सर?"

टेम्पो गेला. कुठे गेला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर एकदा इस्पितळात जाऊन चौकशी केली. खिडकीवरच्या माणसानं वही उलटून सांगितलं, की सतराव्या वेळेनंतर पेशंट आलेला नाही, मुलीनंही नोकरी सोडली, गावी गेले. तीसपैकी सतरा. बाहेर येऊन मी बराच वेळ बसस्टॉपवर बसलो आणि माझी बस आली तेव्हा चढलो.

तीन वर्षांनी भसीनसाहेब मुलाकडे कॅनडाला कायमचे निघाले. निरोप घ्यायला गेलो. मिसेस भसीननी चहा दिला. बोलता बोलता म्हातारबुवा भावुक झाले, माझा हात हातात घेतला.

"चोगलेजी, एक बात का मलाल है. उस दिन हमने खामखा इतना हल्ला किया. मिसेस ने तो श्राद्ध की शाम को ही बता दिया था. आंगन से देखा था इन्होंने. माताजी गैलरी में पत्तल रखकर हाथ जोड रही थीं, फिर कौआ आया."

मी कपबशी खाली ठेवली.

"आपको मालूम था? तो मीटिंग में..."

"अब आपको कैसे कहते? आप तो अपने हैं. माताजी अपने पति का श्राद्ध कर रही थीं, उसमें क्या पाप? बस आपकी बेइज्जती न हो, यही सोचा. और वो लोग... किराएदार थे, लोग वैसे भी खुश नहीं थे." त्यांनी माझा हात थोपटला. "आपने बात बडी खूबसूरती से संभाल ली थी. सच कहूं, ऐसी तहजीब अब कहां देखने को मिलती है."

मिसेस भसीननी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक उचललं. शिष्टाचार होता तो.

जिना चढताना एकेक चेहरा आठवत गेलो. भसीनना माहीत होतं. त्यांच्या बायकोला माहीत होतं. सिद्दिकींना अंदाज होता. आसेनलाला तर शब्दन् शब्द कळला होता. वैजूही दारातच उभी होती. ज्यांच्यापासून लपवायला मी एका आजारी बाईला रस्त्यावर जाऊ दिलं, त्यांना काही लपलेलंच नव्हतं. त्या हॉलमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं.

आई तोवर हर्णैला परत गेली होती. "खरं सांगितलं तरी त्या पोरीला काढलीच," असं म्हणून तिनं दिल्ली सोडली, पुन्हा आली नाही. बाबांचा म्हाळ गावीच करायची. त्या वर्षी मी म्हाळाला गेलो. अंगणात भावकीतली दहा-बारा माणसं पंगतीला बसली होती. कावळा पान शिवून गेला होता. आई वाढत होती, आणि वाढता वाढता तिची नेहमीची गोष्ट चालू होती. नंतर कळलं, दर वर्षी ही गोष्ट व्हायची. पोरांनाही पाठ होती.

"...समदी मोठी मोठी मान्सं, सायब लोक. पन माजा हरी घाबरला नाय. भर सभेत उभा ऱ्हायला नि माजा शब्दन् शब्द त्यांना सांगितला. माज्या आयनं केलं म्हनून. आयकून बायका रडल्या. त्या अध्यक्षानं माजे पाय धरले. तरी बी पोरीला काढलीच, काय करनार? दिल्लीची मान्सं! पन माज्या पोरानं लाज वाटून घेतली नाय आपल्या म्हावऱ्याची."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"सांगितलंस ना रं, हरी?"

ती परात कमरेवर घेऊन माझ्यासमोर उभी होती. सत्तर ओलांडलेली, दात पडलेले. ती पुढे सहा वर्षं जगली. तेवढ्या काळात सांगायला मला खूप वेळा सवड मिळाली.

"हो, आई," मी म्हणालो.

ती वाकली आणि माझ्या पानात आणखी एक बोंबील वाढला.